पाय उचल, ताकद येईल

अगं, अमेरिकेत पाच एकर घेतलेस, आणि आता शेडमधल्या त्या ट्रॅक्टरकडे खिडकीतूनच बघत बसतेस, हो ना? खरं सांगू का, तुला जमणारं काम आहे. तुझ्या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन आहे, म्हणजे क्लच-गिअरची झटापट नाही. इंजिन पंप फिरवतं, पंपाचं तेल दाबाने मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पेडल दाबलंस की चालतो, सोडलंस की थांबतो. मागे जायलाही पायच.

आता नीट ऐक, सगळी मेख इथे आहे. कारच्या सवयीने त्या पेडलला अ‍ॅक्सिलरेटर समजू नकोस. इंजिनाचा वेग हातातल्या थ्रॉटलने ठरतो, पेडल गिअरचं काम करतं. पुढची बकेट मातीच्या ढिगात घुसून अडली की पाय आपोआप जास्त दाबला जातो. मीही जीव खाऊन दाबायचे, नि इंजिन गचके देत बंद! नवरा लांब उभा राहून झाडं बघितल्यासारखं करायचा. तू पाय थोडा वर घे बघ. वेग उतरेल, ताकद वाढेल. तरी हललं नाही तर पूर्ण थांबून ‘लो’ रेंज टाक. चालत्या ट्रॅक्टरवर रेंज बदलायची नाही.

गवत कापताना थ्रॉटल पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या, 540 च्या खुणेवर ठेव आणि वेग पायाने सांभाळ. ओढणी, सैल बाही, मोकळे केस त्या फिरत्या शाफ्टजवळ अजिबात नकोत. उतरण्याआधी पीटीओ बंद, बकेट जमिनीवर, पार्किंग ब्रेक, मग इंजिन बंद. बंद ट्रॅक्टर उतारावर आपोआप थांबून राहील, या भरवशावर राहायचं नाही हं.

उताराची भीती वाटते ना? वाटू दे, ती कामाची आहे. लहान ट्रॅक्टरांना ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात, आणि भरलेल्या बकेटने नेमकी तीच चाकं हलकी होतात. म्हणून मागे वजन लाव, फोर-व्हील आणि ‘लो’ आधीच टाक, बकेट जमिनीलगत ठेव. सरळ चढ, सरळ उतर, आडवं जाऊ नकोस.

पहिले काही दिवस सपाट अंगणातच फिरव, बकेट रिकामी ठेवून. आणि रोलबार उभा करून पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, सांगून ठेवते.