सफेद मुसळी आणि ‘कमजोरी’

‘सफेद मुसळी दुधातून घेतल्यास कमजोरी जाते काय? किती दिवस घ्यावी? मला मधुमेह नाही,’ असे एका वाचकाने पत्राने विचारले आहे. पत्रात वय ५१ दिले आहे, नाव दिलेले नाही. अशी निनावी पत्रे नेहमी येतात आणि त्यांतील ‘कमजोरी’ म्हणजे कोणती कमजोरी, हे वेगळे सांगावे लागत नाही. या विषयावर उघड बोलण्याचा आपल्याकडे संकोच असतो. पण त्या संकोचापायी तब्येतीचे नुकसान होत असेल तर लिहिणे भाग आहे.

आधी वनस्पतीविषयी. सफेद मुसळी ही काही परदेशातून आलेली वस्तू नव्हे, ती आपल्याच पानझडी जंगलातली. पहिल्या पावसानंतर जमिनीतून गवतासारखी लांब पाने फुटतात, मधून पांढऱ्या फुलांचा दांडा निघतो. दसरा-दिवाळीपर्यंत पाने पिवळी पडून वाळतात. वरून झाड मेले असे वाटते, पण जमिनीखाली बोटांसारख्या मांसल मुळांचा झुपका जिवंत असतो. पुढच्या पावसापर्यंत कोरडे महिने काढण्यासाठी झाडाने केलेली ती शिदोरी होय. आपण मुसळी म्हणून खातो ती हीच. कोकणात फोडशी किंवा कुलू नावाची जी रानभाजी पावसाळ्यात खातात, तीही याच कुळातली. मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. त्यातील ‘बोरिव्हिलियानम’ हे मुंबईच्या बोरिवलीवरून आले आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात हे नाव दिले. काळी मुसळी ही मात्र निराळी वनस्पती आहे.

मुळे खोदून, साल काढून वाळवावी लागतात. चार-पाच किलो ओल्या मुळांची जेमतेम एक किलो सुकी मुसळी होते, म्हणून ती महाग. २००० नंतरच्या काही वर्षांत विदर्भात तिच्या शेतीचे मोठे वेड पसरले होते. महागडे बेणे घेऊन पुढे भाव न मिळालेले शेतकरी आजही भेटतात. तो विषय माझा नव्हे.

या मुळांत मुख्यतः पिष्टमय पदार्थ, ८-९ टक्के प्रथिने आणि सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पावडर घेतली तर प्रथिने अर्धा ग्रॅमही मिळत नाहीत. मूठभर फुटाण्यांत याच्या दहापट मिळतात, आणि ज्या पेलाभर दुधातून पावडर घेतात त्या दुधातही तेवढीच! तेव्हा अंगात जोर आल्यासारखे वाटले तर त्याचे थोडे श्रेय दुधालाही द्यावे. आयुर्वेदात मुसळीला बल्य व वाजीकर मानले आहे. सागर येथील विद्यापीठात नर उंदरांवर प्रयोग झाले, त्यांत तिचा काही परिणाम दिसला. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. मी तिला निरुपयोगी म्हणत नाही. निरोगी माणसाने चांगल्या ठिकाणची मुसळी बेताने घेतली तर माझी हरकत नाही. अडचण आहे ती माणूस निरोगी आहे असे आधीच गृहीत धरण्याची.

काही वर्षांपूर्वी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझ्याकडे पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन आले. वय ४८, जखम तीन आठवडे भरत नव्हती. उपाशीपोटी साखर २६८ निघाली. बाहेर बसलेल्या त्यांच्या पत्नीला बोलावून विचारले, तेव्हा कळले की गृहस्थ वर्षभर मुसळीपाक खात होते. मुसळीपाकात मुसळीपेक्षा साखर आणि तूप जास्त! ‘कमजोरी होती म्हणून घेतला ना जी, शुगरचं मनातही नव्हतं,’ असे ते म्हणाले. त्यांच्या त्या कमजोरीचे कारणच वाढलेली साखर होती. वर्षभरापूर्वी एक साधी रक्ततपासणी झाली असती तर अंगठा वाचला असता. तो पुढे काढावा लागला.

असे का होते? पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येण्यासाठी तिथे रक्त जोराने भरावे लागते आणि नसांचा संदेश नीट पोहोचावा लागतो. मधुमेह या दोहोंना इजा करतो. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्याच, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे बसत असतो, पण लहान नळी आधी अडते. म्हणून ही तक्रार छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधीही सुरू होऊ शकते. शरीराने दिलेली ही आगाऊ सूचना असते. तिच्यावर पावडरीचे पांघरूण घालू नये. तंबाखू हेही मोठे कारण आहे. आपल्या नागपुरात दिवसाला आठ-दहा खर्रे खाणारे गृहस्थ मुसळीवर हजार रुपये खर्च करतात, खर्रा मात्र सोडत नाहीत! चिंता, उदासी, दारू आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

आता भेसळीविषयी. मुसळी म्हणून शतावरीच्या जातीची मुळे विकली जातात, त्यात पैसा जातो, जीव जात नाही. पण ‘शंभर टक्के वनौषधी’ असे लिहिलेल्या काही पुड्या व कॅप्सूल तासाभरात गुण दाखवतात, तेव्हा सावध व्हावे. वनस्पती इतक्या घाईने काम करीत नाही. अशा मालात सिल्डेनाफिल हे औषध गुपचूप मिसळलेले अनेक देशांत सापडले आहे. हृदयरोगी माणूस छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतो. त्याच दिवशी असली पुडी पोटात असेल तर रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिराती १९५४च्या कायद्याने बंद आहेत, तरी त्या भिंतीभिंतींवर दिसतात.

रानातून स्वतः मुळे खोदून आणण्याचा उद्योगही करू नये. कळलावी आपल्याच जंगलात उगवते. तिच्या कंदातील कोल्चिसिन हे विष आहे. आधी उलट्या-जुलाब होतात आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पत्रलेखकांनी ‘मला मधुमेह नाही’ असे लिहिले आहे, तपासणी केव्हा केली ते लिहिलेले नाही. त्यांनी उपाशीपोटीची साखर व तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक आली तर मधुमेह समजावा. आकडा वाढलेला असला आणि लक्षणे नसली तर एकदा पुन्हा तपासून खात्री करावी. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल पाहावे, चालताना दम लागतो का किंवा छाती भरून येते का तेही डॉक्टरांना सांगावे. पत्नीला सोबत नेल्यास उत्तम. हे सर्व ठीक निघाले तर मुसळीचा प्रश्न पुन्हा विचारावा. आकडे पत्राने कळवले तरी चालेल, नाव लिहिण्याची गरज नाही.