ठिबक बंद पडते तेव्हा

डे-लिलीचे फूल एकच दिवस टिकते. तरीही ताटवा काही आठवडे बहरलेला दिसतो, कारण एका दांड्यावर अनेक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक उमलतात. कळ्या धरताना पाणी कमी पडले, तर त्या गळू शकतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बागेतील ठिबकचे ड्रिपर क्षार साचून बंद पडले. घाईघाईने आम्ही रोज पाइपने पानांवर थोडे थोडे पाणी मारू लागलो. माती वरून ओली दिसायची. बोटभर उकरले की खाली कोरडी! कळ्या गळाल्यावर चूक लक्षात आली.

अशा वेळी काय करावे?

१. घाबरू नये. डे-लिलीची मुळे जाड असतात, पाणी साठवतात. जुनी रोपे काही दिवस तग धरतात. कळ्या आलेल्या, नव्याने लावलेल्या आणि कुंडीतील रोपांना आधी पाणी द्यावे.

२. पहाटे, बुंध्याशी, सावकाश पाणी घालावे. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड मुळांपर्यंत भिजवावे. कुंड्या मात्र रोज पाहाव्यात.

३. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा.

४. फिल्टर धुवावा, नळीचे टोक उघडून गाळ वाहू द्यावा.

ठिबक चालू होते तेव्हा आपण बागेत जातच नव्हतो, हेही त्या दिवसांत कळले. आता ते दुरुस्त झाले आहे. तरी रोज सकाळी एका रोपाशी बसून मातीत बोट घालून पाहण्याचा नेम आम्ही ठेवला आहे. आपणही आजपासून करून पाहावा.