डिफेंडर बंद करण्याआधी

पेरण्या आटोपून पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की खामगाव, मेहकर, चिखलीच्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि नेमका तेव्हाच संगणक रेंगाळतो. टास्क मॅनेजर उघडावा तर सगळ्यात वर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसते, म्हणजे विंडोजमध्येच येणारा डिफेंडर. लगेच कोणीतरी सल्ला देतो की तो बंद करून टाका. हा सल्ला मला घातक वाटतो. डिफेंडर संगणकाची ताकद खातो, याबद्दल वाद नाही. पण तो का खातो हे न पाहता बंद केला, तर कारण तिथेच राहते आणि संरक्षण मात्र जाते.

पहिल्यांदा पाहावे ते वेळापत्रक. विंडोजची आपोआप होणारी देखभाल मूळ सेटिंगनुसार रात्री 2 वाजता असते आणि डिफेंडरची ठरलेली तपासणीही तिच्याच जोडीने चालते. आपल्याकडे संध्याकाळी दुकान बंद करताना बोर्डाचे बटणच खाली करतात. त्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. राहून गेलेले काम मग दुसऱ्या दिवशी, संगणक जरा मोकळा दिसला की डोके वर काढते. यावर उपाय सोपा आहे. टास्क शेड्युलरमध्ये विंडोज डिफेंडरच्या नावाने असलेल्या तपासणीला जेवणाच्या सुट्टीची वेळ द्यावी आणि तेवढा वेळ संगणक चालू ठेवावा. शिवाय अशा तपासणीने प्रोसेसर सरासरी किती वापरावा, याची मर्यादा मुळात 50 टक्के असते. पॉवरशेलमधून ती 20 वर आणता येते. मात्र फाइल उघडताक्षणी होणाऱ्या तपासणीला ही मर्यादा लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्या दुसऱ्या तपासणीचा भार आपल्या कामाच्या पद्धतीवर ठरतो. हजारो स्कॅन केलेले सातबारे, मोठमोठ्या झिप फाइली, अडत दुकानाच्या हिशेबाचा दिवसभर लिहिला जाणारा डेटा, हे सगळे डिफेंडरला वाचावे लागते. सीपीयूचा आकडा कमी आणि डिस्कचा शंभरावर असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा असतो. तिथे एसएसडी बसवण्याइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही. नेमकी कोणती फाइल किंवा कोणता प्रोग्राम वेळ खातो, हे सांगणारे 'परफॉर्मन्स ॲनालायझर' डिफेंडरसोबतच येते आणि पॉवरशेलमधून चालते. त्याचा अहवाल पाहून तेवढ्या एका फोल्डरला सूट देणे रास्त आहे. अख्खा सी ड्राइव्ह, डाउनलोड्स किंवा गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह सूटीत टाकणे म्हणजे डिफेंडर बंद केल्यासारखेच.

कोणी म्हणेल, दोष डिफेंडरमध्येच असेल तर? असू शकतो, आणि याचा पुरावाही आहे. फायरफॉक्स चालू असताना डिफेंडर प्रोसेसरवर अवास्तव भार टाकतो, अशी तक्रार अनेक वर्षे होती. मोझिलाच्या अभियंत्यांनी तिचे मूळ शोधले आणि 2023 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली. पण दुरुस्ती पोहोचली ती अपडेटमधून. डिफेंडरवर वैतागून अपडेटच थांबवणाऱ्यांच्या संगणकावर तो दोष तसाच राहिला असणार.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो : आमच्यासारख्या लहान केंद्रावर कोण हल्ला करणार? 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' हा मालवेअर सुटला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. रोख युक्रेनवर होता, तरी आपल्या न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक तर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवली होती. अशा गोष्टी पत्ता विचारून येत नाहीत. आणि केंद्र लहान असले तरी त्यात शेकडो शेतकऱ्यांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुके आणि मोबाइल क्रमांक असतात. ते त्यांनी विश्वासाने दिलेले असतात. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करून देणारे ॲक्टिव्हेटर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे सांगतात, तेव्हा तर जास्तच सावध व्हावे. अशा संगणकाच्या संथपणामागे डिफेंडर नसून तो ॲक्टिव्हेटरच असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

ज्यांना दुसरा अँटिव्हायरस हवा त्यांनी तो जरूर घ्यावा. पुण्याच्या क्विक हीलसारखे पर्याय आहेत. तो नीट बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. एकावर एक दोन अँटिव्हायरस घालण्यापेक्षा त्यातला एक निवडावा. केंद्रचालकांना माझी विनंती आहे की संगणकाची ही सगळी पाहणी रांग लागण्याआधी, मे महिन्यातच उरकून घ्या.