गाढवाने चारा सोडला म्हणजे

ज्या जनावराच्या पाठीवर वीट, वाळू, माती आणि एका अख्ख्या कुटुंबाचा उदरनिर्वाह लादलेला असतो, त्या गाढवाच्या प्रकृतीविषयी आपल्याकडे जेवढे औदासीन्य आहे तेवढे दुसऱ्या कोणत्याही पाळीव जनावराविषयी नसेल. बैल आजारी पडला तर शेजारपाजार गोळा होतो, म्हैस पान्हवली नाही तर घरधनीण कासावीस होते. गाढवाने मात्र दोन वेळा चारा हुंगून सोडला, तरी ‘थकले असेल, उद्या खाईल’ असे म्हणून माणसे आपापल्या कामाला लागतात. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षे पुरंदर आणि बारामतीच्या मुलखात गेली, आणि तेथील कुंभारवाड्यांत, वीटभट्ट्यांवर नि वडार, बेलदार, कैकाडी मंडळींच्या पालांवर जे पाहिले त्यावरून एक गोष्ट मी खात्रीपूर्वक सांगू शकतो: माझ्या डोळ्यांदेखत दगावलेल्या गाढवांपैकी बहुतेकांचा रोग असाध्य नव्हता, दवाखान्याला इत्तिला तेवढी उशिरा मिळाली होती.

या विलंबाचे मूळ गाढवाच्या स्वभावात आहे. त्याचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेच्या रुक्ष, खडकाळ प्रदेशात वाढले, आणि तेथे जो प्राणी आपली दुर्बलता उघड करी तो श्वापदांच्या नजरेस प्रथम पडे; म्हणून वेदना गिळून निश्चल उभे राहण्याचा गुण या जातीच्या अंगी मुरला आहे. पोटशूळ उठलेला घोडा पाय आपटतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, घामाने निथळतो. गाढव तीच वेदना मान खाली घालून, कान ढिले सोडून, कळपापासून बाजूला उभे राहून सोसते. पालाण उतरल्यावर धुळीत लोळून, उठून अंग झाडणारे गाढव सुखात असते. पण चारा सोडलेले गाढव लोळू लागले, तर दुखणे विकोपास गेले असे समजावे.

जेजुरीला पौष पौर्णिमेच्या यात्रेत बंगाली पटांगणावर गाढवांचा जो बाजार भरतो, तेथून एका कुंभाराने काठेवाडी गाढवीण विकत आणली होती. अंगाने भरलेली, मानेवर चरबीची जाड वळी चढलेली आणि गाभण, दिवस भरत आलेले. तिच्याबरोबर वाढलेली दुसरी गाढवीण मात्र भलत्याच गिऱ्हाइकाच्या दाव्याला गेली. घरी आल्यापासून हिने कडब्याला तोंड लावले नाही. “दिष्ट लागली असंल, डॉक्टर,” घरातली म्हातारी आम्हांला सांगत होती, “मीठमिरच्या उतरल्या, अंगारा लावला. पाणी तेवढं पीत हुती, म्हून आम्ही निर्धास्त.” आम्हांला बोलावणे आले तो तिसरा दिवस. तिच्या श्वासाला दुर्गंधी येत होती, आणि मागे पडलेल्या लिदीच्या थोड्याशा कोरड्या गोळ्यांवर पांढुरक्या, बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप चढला होता. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिचे रक्त काचेच्या नळीत काढून ती नळी भिंतीतल्या देवळीत उभी करून ठेवली. रक्त साकळल्यावर वर जो द्रव राहतो तो पिवळसर आणि पारदर्शक असावयाचा. या नळीत तो दुधासारखा पांढरा उतरला. साहेबांनी नळी घरधन्याच्या हाती दिली आणि उपचार आरंभिले. परंतु त्या रात्रीच ती गाढवीण आणि तिच्या पोटातले शिंगरू, दोन्ही जीव गेले.

या विकाराला वैद्यकात हायपरलिपिमिया म्हणतात, आणि प्रत्येक गाढव पाळणाऱ्याने त्याची गती समजून घेतली पाहिजे. गाढवाने खाणे थांबविले म्हणजे शरीर स्वतःची चरबी वितळवून रक्तात सोडू लागते. गाढवाच्या शरीराला हा ओघ आवरता येत नाही, आणि यकृत व मूत्रपिंड त्या चरबीने भरून निकामी होतात. लठ्ठ, गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या माद्यांना हा धोका सर्वाधिक असतो. लांबचा प्रवास, दातदुखी, जंत, दुसरा एखादा आजार किंवा जोडीदाराचा वियोग, यांपैकी कोणतेही कारण त्याला पुरते. गाढव जोडीदाराशी किती घट्ट बांधलेले असते हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून ज्या दिवशी गाढव चारा सोडील त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ते येईपर्यंत कोवळी हरळी, गाजर, गुळाचा खडा हातावर धरून त्याला खाण्याचा मोह घालावा, आणि दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास जोडीदारालाही बरोबर न्यावे. लठ्ठ गाढवाला बारीक करण्यासाठी एकाएकी उपाशी ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

पोटशूळाची ओळखही अशीच लिदीवरून आणि चाऱ्यावरून होते. उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, झिजलेल्या दातांमुळे न चावलेला कडबा आणि अपुरे पाणी यांमुळे आतड्यात गोळा अडतो. गाढव घाण पाणी पिण्याऐवजी तहानलेले राहणे पसंत करते, हे ध्यानात ठेवून डोण रोज धुवावी. जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटे टेकविली की नाडी लागते. निरोगी गाढवाची नाडी मिनिटाला सुमारे ४४, श्वास सुमारे २० आणि ताप सुमारे ३७ अंश सेल्सिअस असतो. विसाव्याच्या वेळीही नाडी ६० च्या वर राहिली, लीद थांबली किंवा हिरड्यांचा गुलाबी रंग पालटून त्या विटकरी वा पांढऱ्या पडल्या, तर डॉक्टरांना तातडीने आणण्याची तजवीज करावी. पोटावर डागणे, नाकपुड्या चिरणे हे उपाय अद्याप काही पालांवर चालतात. त्यांनी शूळ हटत नाही आणि जखमेची भर मात्र पडते. घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत, कारण त्यांनी लक्षणे झाकली जातात आणि रोग आत वाढतो.

याहून मोठा अनर्थ बांबूच्या नळीने होतो. एका वीटभट्टीवर कोरडा भुसा घाईने खाऊन एका तरण्या गाढवाच्या अन्ननलिकेत बोळा अडकला. ते मान ताणून खोकू लागले, आणि नाकातून लाळेबरोबर चाऱ्याचे हिरवट कण वाहू लागले. असे बोळे पुष्कळदा लाळेने भिजून आपोआप खाली उतरतात, परंतु भोवतालच्या जाणत्यांनी त्याचे तोंड वर करून नळीने गोडेतेल ओतले. तेलाला खाली वाट नव्हती. ते श्वासनलिकेत उतरले, आणि पुढे बोळा सुटला तरी फुप्फुसाच्या दाहाने गाढव दगावले. अशा वेळी चारा-पाणी दूर करावे, गाढव शांत जागी मान खाली सोडून उभे राहू द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. उघडा हात तोंडात घालू नये, कारण लाळ गळणे आणि गिळता न येणे ही पिसाळीचीही लक्षणे आहेत.

पालाणाने सोललेली पाठ, दोरीने काचलेला पाय आणि खुरात रुतलेला खिळा या रोजच्या जखमा. पण धनुर्वाताला त्यांतूनच वाट मिळते. चालण्यात ताठरपणा, ताठलेले कान, उचललेली शेपटी, मिटलेला जबडा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पुढे येणारा पडदा दिसला, म्हणजे रोग शिरला असे जाणावे. जखमेवर जळके ऑईल किंवा राख घालण्याची चाल सोडून, उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने ती धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी त्याच दिवशी करावी.

नाकातून चिकट स्राव, त्वचेवर गाठी व फुटणारे व्रण दिसल्यास मात्र जनावर तत्काळ वेगळे बांधावे. हा ग्लँडर्स असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. २००६ साली तो महाराष्ट्रात आढळला होता. तो लपविणे हा कायद्याने कसूर आहे, आणि घरच्या लेकराबाळांच्या जिवाशी द्रोहही आहे.

उन्हाचा आघात तर सर्वस्वी टाळता येण्याजोगा आहे. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत गाढवाच्या ओझ्याची मर्यादा ५० किलो आहे. दिवसाला ९ तासांहून अधिक, विसाव्यावाचून सलग ५ तासांहून अधिक, आणि पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी १२ ते ३ या वेळात काम घेण्यास मनाई आहे. धापा टाकणारे, झोकांड्या खाणारे गाढव सावलीत नेऊन ओझे उतरवावे, सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि पिण्यास थोडे थोडे द्यावे.

गाढवीण साधारण १२ महिने गाभण राहते, कधी १४ पर्यंतही जाते. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आले नाही, किंवा वार ३ तासांत पडली नाही, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. वार हाताने ओढू नये. आणि शिंगराच्या पोटात पहिल्या काही तासांतच चीक जाईल याची दक्षता घ्यावी.

आपल्या गाढवाने चारा केव्हा सोडला, लीद शेवटची केव्हा व कशी टाकली, पाणी प्याले की नाही, नाडी व ताप किती, गाभण असल्यास दिवस किती झाले, एवढी माहिती तयार ठेवून जवळच्या दवाखान्याला किंवा फिरत्या पथकाच्या १९६२ या क्रमांकाला कळवावे. ‘गाढवच आहे, सकाळी पाहू’ असे दवाखान्यातून कोणी म्हटले, तर नम्रपणे पण ठामपणे सांगावे की गाढवाच्या बाबतीत उपास हेच तातडीचे लक्षण आहे. रोज सकाळी पालाण चढविण्यापूर्वी तोंड, लीद आणि खूर पाहण्यास कवडीचा खर्च नाही, आणि या नित्याच्या पाहण्यामुळेच कित्येक घरांतली गाढवे वाचलेली मी पाहिली आहेत. ज्याच्या श्रमावर आपली चूल पेटते त्याने एक वेळचा घास नाकारला, तर त्याच दिवशी त्याची विचारपूस करणे हे धन्याचे पहिले कर्तव्य आहे.