पूरक गोळ्यांविषयी चि. अनंतास

मु. पो. पेडगाव, जि. परभणी



तुझे पत्र पावले. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यावर सुरू केलेली गोळी बंद करून तिच्या जागी जीवनसत्त्वे, माशाचे तेल आणि परदेशी वनस्पतीचा अर्क यांच्या डब्या मागवाव्यात, असा जो बेत तू कळवला आहेस, तो अमलात आणण्यापूर्वी मला विचारलेस याचे समाधान वाटले. कारण त्यातला एक भाग मला मनापासून मान्य आहे, आणि दुसऱ्या भागाने माझी झोप उडाली आहे.

आपले घर माळकरी. मांस, मासे, अंडी यांचा पिढ्यानपिढ्या स्पर्श नाही, आणि पुण्याच्या मेसमध्ये तुझ्या वाट्याला दूधदहीही बेताचेच येत असणार. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यांतून, डाळींतून वा भाज्यांतून मिळत नाही, आणि ते फार घटले म्हणजे थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण आणि कित्येकांस औदासीन्यही येते. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६७ टक्के पुरुषांत, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के पुरुषांत, हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. एवढ्या सगळ्यांस नैराश्य होते असे यावरून मुळीच निघत नाही. निघते ते इतकेच, की तुझ्यासारख्याने रक्त तपासून घेणे अगत्याचे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी माती तपासल्यावाचून खताची मात्रा सांगत नाहीत, मग स्वतःच्या देहाबाबत आपण ती सबुरी का सोडावी? बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या तिन्हींची तपासणी करून घे. उणीव निघाली तर ती डॉक्टर सांगतील त्या मात्रेने भरून काढ. मात्र नुसते फॉलिक अ‍ॅसिड आपल्या मनाने घेऊ नकोस, कारण त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

ड जीवनसत्त्वाविषयी तू फार आशेने लिहिले आहेस. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढील १८,३५३ लोकांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत नैराश्याच्या बाबतीत काही फरक पडला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याच प्रयोगातल्या माशाच्या तेलानेही नैराश्य टळले नाही. आधीच जडलेल्या नैराश्यात, चालू औषधाच्या जोडीस, ईपीए हा घटक अधिक असलेल्या तेलाचा थोडासा उपयोग काही प्रयोगांत दिसला आहे, हे मी नाकारत नाही. पण तो जोडीचा उपयोग आहे, बदलीचा नव्हे. काकू तुझ्यासाठी जवसाची चटणी पाठवणार आहे, ती आवडीने खा. जवसातले स्निग्धाम्ल निराळे असते आणि त्यातले फारच थोडे शरीरात ईपीएचे रूप घेते, तेव्हा तिला औषध समजू नकोस.

आता ज्याने मी खरोखर धास्तावलो ते लिहितो. तू ज्या अर्काचे नाव लिहिलेस तो सेंट जॉन्स वर्ट, तुझ्या चालू गोळीबरोबर पोटात गेला तर मेंदूतले सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढून ताप, कंप, घाबरेपणा आणि क्वचित जिवावरचा प्रसंगही ओढवू शकतो. आणि गोळी एकाएकी तोडली तर चक्कर, निद्रानाश, चिडचिड यांपासून मूळ दुखणे उलटण्यापर्यंत काहीही घडू शकते. शिवाय गेल्या उन्हाळ्यात काही दिवस तुला झोपेची गरजच वाटत नव्हती, बोलणे आवरत नव्हते आणि हाती येईल तो पैसा खर्च होत होता, हे तू डॉक्टरांस सांगितले आहेस काय? नसल्यास आधी सांग. ज्यांचे मन कधी खोल उतरते आणि कधी बेफाम उसळते, त्यांना हाच अर्क, तसेच सॅमी नावाने विकले जाणारे पूरकही, उन्मादात ढकलू शकते. अश्वगंधेविषयी मला आदर आहे, तरी तिने थायरॉईडची पातळी वाढल्याचे आणि यकृतास इजा झाल्याचे दाखले आहेत, म्हणून तीही विचारूनच घ्यावी.

डबीवर सरकारी परवान्याचा क्रमांक आहे असे तू लिहितोस. तो परवाना अन्नपदार्थाचा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा पूरकांस विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा करण्याची मुभाच नाही. तेव्हा जो विक्रेता नैराश्य हटवण्याची हमी देतो, तो कायद्याच्या हद्दीबाहेर जाऊन बोलतो आहे.

आपल्याच जिल्ह्यात दुष्काळाने शेतकऱ्यांची मने खचली, तेव्हा शासनाने २०१५ साली परभणीसह १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा सेविका घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या आणि ज्यांस गरज त्यांस जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवू लागल्या. म्हणून इकडे कोणी तुझ्या दुखण्यास नावे ठेवील ही शंका मनातून काढून टाक. रात्री-अपरात्री जगणे नकोसे वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फिरव, तिथे मराठीत बोलता येते. आणि त्यानंतर, कितीही वाजले असले तरी, मला फोन कर.

तूर्त गोळी चालू ठेव, डबी मागवू नकोस. रक्ताच्या अहवालाची नक्कल पाठव आणि डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली ते कळव. त्या दिवशी मी पुण्यास येतो.

तुझा,
काका