लोहाची गोळी चहाबरोबर का नको?

आपल्या हिंगोली भागात हळद काढायला पहाटे निघणारी गरोदर बाई कोरा चहा घेते आणि त्याच घोटाबरोबर आशाताईने दिलेली लाल गोळी गिळते. महिनोन्‌महिने गोळ्या खाऊनही रक्त वाढले नाही की म्हणते, सरकारी गोळीत काही दम नाही.

बहिणींनो, मुदत संपलेली एखादी गोळी घरात असेल तर तिची भुकटी बिनदुधाच्या गरम चहात टाकून बघा. थोड्या वेळात चहा शाईसारखा काळा होईल. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई अशीच करत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. लोहगोळीत बहुधा तेच असते. हिरड्यात आणि चहात टॅनिन असते. ते लोहाला असे घट्ट धरते की आतड्याला ते सोडवता येत नाही. गोळीतले बरेचसे लोह शौचावाटे निघून जाते. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा नको.

लोह आणि तांबे हे संक्रमण धातू. काही आम्लांचे रेणू त्यांना चटकन बिलगतात. चिंचेने पितळी तांब्या उजळतो त्यात या पकडीचाही हात असतो. पण सगळीच पकड वाईट नसते. लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्वही आम्लच आहे. ते लोहाला सैल धरते, विरघळलेले ठेवते आणि आतड्याला घेता येईल अशा फेरस रूपात आणते.

ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची डाळ, पालेभाजी यांत लोह आहे, पण ज्वारी आणि डाळीतले फायटिक आम्ल ते अडकवून ठेवते. तिथे लिंबू कामाला येते. मात्र ते जेवताना वरून पिळावे, कारण शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. गोळीला साधे पाणी पुरते; त्यासाठी मेडिकलमधून क जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यावी. लोहगोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊन गोळी बंद करू नका.

आपल्या समाजात, विशेषतः विदर्भाकडच्या कुटुंबांत, सिकलसेल आढळतो. त्या रुग्णाचे रक्त कमी असते ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर ते जास्तच साठते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर आशाताईला आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारूनच त्या रुग्णाला लोहगोळी द्या.