दहा श्वासांना एक मणी

खेड्यातील आरोग्यसेवेसाठी मोबाइल वापरावा, असे हल्ली जो तो सांगतो. ते खोटे नाही. परंतु ते साधन कोणाच्या हाती जाणार, हे आधी पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे न्यूमोनियाने पुष्कळ बालके दगावत. हा रोग श्वासाच्या गतीवरून ओळखता येतो. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६०, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० झाले की धोका समजावा. (आपल्याकडच्या आज्या 'पोट उडतंय' म्हणतात, ते हेच.) पण गावच्या सुईणींना दहाबारापलीकडे मोजता येत नसे. मग ६० कसे मोजायचे? यासाठी श्वास मोजण्याचे एक साधन बनविले गेले. त्यात मण्यांच्या दोन ओळी व एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! ना वीज लागते, ना अक्षरओळख. सुईणीला जेवढे येत होते, त्यावरच ते उभे होते.

तेथील न्यूमोनिया प्रकल्पाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. प्रकल्पाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. अर्थात हे श्रेय मण्यांचे नव्हे. रोग गावातच ओळखून गावातच औषध देण्याच्या पद्धतीचे आहे.

आता दुसरे उदाहरण. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता अपुरी, तो तापतो, बिघडतो आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काहींनी याला सेविकांचे अज्ञान म्हटले. मला ते पटत नाही. नोंदी त्या वर्षानुवर्षे वहीत ठेवीतच होत्या. अडले ते फोनपाशी.

मण्यांचे काम मोबाइललाही जमेल. दर श्वासाला पडद्यावर बोट टेकवावे, मोजदाद फोनने करावी, उत्तर मराठीत बोलून सांगावे. आणि हे सारे रेंज नसतानाही चालावे. कुंडल परिसरात गळीत हंगामात ऊसतोड टोळ्या उतरतात, त्यांच्या खोप्यांत ऐन थंडीत तान्ही मुले असतात. असा फोन प्रथम तिथे नेऊन पाहावा. मात्र तो चार्ज कोठे करायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागेल.